बंबखान्यात नव्याने रुजू होणाऱ्यांस

सांताक्रूझच्या विद्यानगरीतील राज्य प्रशिक्षण केंद्रात अग्निशामकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा करून, अथवा महापालिकेच्या भरतीतून निवड होऊन तिच्याच केंद्रात तालीम घेऊन, जे तरुण-तरुणी नेमणुकीचा हुकूम हाती घेऊन प्रथमच एखाद्या बंबखान्याच्या दारात उभे राहतात, त्यांच्या मनात त्या क्षणी एक प्रश्न हटकून असतो: येथील जुन्या मंडळींच्या नजरेस आपण कसे उतरू? आणि बहुतेकांनी त्याचे उत्तरही मनाशी ठरवून टाकलेले असते, ते असे की, एखादी मोठी वर्दी येईल, धुराने कोंदलेल्या जिन्यात आपण सर्वांच्या पुढे घुसू, आणि त्या एका प्रसंगाने आपली कर्तबगारी सिद्ध होईल. ही समजूत स्वाभाविक असली तरी चुकीची आहे, आणि ती जितक्या लवकर दूर होईल तितके त्या नवागताचे व त्याच्या सहकाऱ्यांचे कल्याण आहे. मोठी वर्दी यायला कदाचित महिने लागतील. तुमच्याविषयीचा निवाडा मात्र पहिल्या पंधरवड्यातच झालेला असेल, आणि तो आगीवर होत नसून बंबखान्याच्या अंगणात, भांडारात, वॉचरूममध्ये आणि जेवणाच्या पंगतीत होत असतो.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. वीस-वीस वर्षे या खात्यात काढलेल्या प्रमुख अग्निशामकाला तुमचे गुणपत्रक पाहायचे नसते, तुमच्या दंडाचा घेरही मोजायचा नसतो. त्याला एवढेच जाणून घ्यायचे असते की, पुढच्या पावलाखाली लादी आहे की पोकळी हे दिसत नसलेल्या अंधारात आपण पुढे सरकत असताना, पाठीमागे होज धरून येणारा हा मुलगा जागेवर राहील की नाही. या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष आगीत मिळेपर्यंत थांबणे त्याला परवडणारे नसते. म्हणून तो ते अन्यत्र शोधतो. तुम्ही हजेरीला केव्हा येता, सांगितलेली वस्तू सांगितलेल्या जागी ठेवता की नाही, आणि कोणी पाहत नसताना काम कसे करता, यांवरून तो आपले अनुमान बांधतो. आणि माझ्या मते ते अनुमान क्वचितच चुकते.

पहिली गोष्ट अर्थातच वेळेची. पाळी सकाळी ज्या घटकेला बदलते, त्या घटकेला दारात शिरणारा मनुष्य या खात्यात वेळेवर आलेला मानला जात नाही, कारण ज्याला तुम्ही मोकळे करणार, त्याने रात्र कदाचित वर्दीवर घालवलेली असते, आणि तुमचे साहित्य गाडीवर चढेपर्यंत त्याला आपले उतरवता येत नाही. अर्धा तास आधी या. गणवेश स्वच्छ असावा, बुटांच्या नाड्या आत खोचलेल्या असाव्यात, शिरस्त्राण आणि अग्निरोधक कोट आपल्या आसनापाशी असे लावून ठेवावेत की घंटा वाजल्यावर डोळे मिटूनही हात त्यांच्यावरच पडेल. गाडीवर आपले स्थान कोणते, त्या स्थानावरील माणसाकडे कोणते काम येते, आपल्या शेजारी कोण, हे हजेरीच्या वेळीच विचारून घ्यावे. घंटा झाल्यावर हे विचारू लागलेला मनुष्य साऱ्या गाडीचा खोळंबा करतो.

आता होजविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण नव्या अग्निशामकाची खरी परीक्षा पाहणारी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. पहाटे तीन वाजता गाडी वर्दीवरून परत येते; सर्वांची अंगे चिखलाने व काजळीने माखलेली असतात, पाठी दुखत असतात, डोळ्यांत धूर असतो, आणि प्रत्येकाला एका घोटभर चहाची व पाठ टेकण्याची ओढ लागलेली असते. नेमक्या त्याच वेळी, ओल्या, जड, घाणीने भरलेल्या होजच्या लांबट वळ्या अंगणात पडलेल्या असतात. ज्या नवागताने कोणी न सांगता पहिली होज अंगणभर पसरली, कुंचा व पाणी घेऊन ती धुवायला आरंभ केला, त्याच्याविषयी जुन्या माणसांना पुढे फारसे विचारावे लागत नाही. पण नुसते धुणे पुरेसे नसते. धुताना तळहात तिच्या सबंध लांबीवरून फिरला पाहिजे. कोठे काच लागून कापले आहे, कोठे निखाऱ्याने पृष्ठभाग करपला आहे, कोठे घडीवर धागे विरले आहेत, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. त्यानंतर मादी कपलिंगच्या आतील रबरी वॉशर पाहावा. दोन-चार रुपयांची ही वस्तू. परंतु तो जागेवर नसला वा चिरलेला असला, की पुढच्या वर्दीला सांध्यातून पाण्याची कारंजी उडतात आणि चौथ्या मजल्यावर ब्रँच धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला दाब उतरतो. मग ती होज मनोऱ्यावर टांगून पूर्ण सुकवावी, कारण ओली ठेवलेली किनतानी होज बुरशीने आतून कुजते. सुकल्यावर पीळ न ठेवता ती गुंडाळावी, आणि कोणते टोक आत व कोणते बाहेर राहील याबाबत केंद्राचा जो रिवाज असेल तो तंतोतंत पाळावा, कारण ती उलगडणारा हात तुमचा नसून दुसऱ्याचा असणार आहे. सदोष होज आढळल्यास तीवर खूण करून ती बाजूला काढावी व प्रमुख अग्निशामकास तत्काळ कळवावे. दोष दिसूनही होज गुपचूप गुंडाळून मांडणीवर ठेवून देणे, याहून मोठा अपराध नव्या माणसाच्या हातून घडू शकत नाही.

श्वसनसंचाबाबत, ज्याला आपल्याकडे सर्वजण बी.ए. सेट म्हणतात त्याबाबत, हीच दक्षता आणखी कसोशीने घ्यावी लागते. 6 लिटरचे नळकांडे 300 बार दाबाने भरले म्हणजे त्यात सुमारे 1800 लिटर हवा मावते, आणि मिनिटाला 40 लिटर हा हिशेब धरला तर ती पाऊण तास पुरते. हा कागदावरचा हिशेब झाला. अंगावर संच, खांद्यावर होज, आणि आठ मजल्यांचा जिना चढून आलेला नवखा माणूस धापा टाकू लागला की हीच हवा त्याला फार लवकर अपुरी पडते. दाब 55 बारच्या आसपास उतरला की इशाऱ्याची शिट्टी वाजू लागते. परंतु शिट्टी वाजेपर्यंत आत थांबण्याची मुभा आहे असा तिचा अर्थ कोणी घेऊ नये, आपण बाहेर असायला हवे होते असाच घ्यावा. पाळी सुरू होताच प्रत्येक वेळी, काल तपासलेला असला तरी, संच उचलून दाबमापकाचा काटा पाहावा, झडप बंद करून काटा खाली सरकतो का हे निरखावे, हवा हळूहळू सोडून शिट्टी ऐकावी, मुखवटा तोंडाला लावून तो घट्ट बसतो की नाही याची खातरी करावी. दाढी राखणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे: केसांमुळे मुखवट्याची कड त्वचेला चिकटत नाही व धूर आत शिरतो, तेव्हा कामावर येताना दाढी केलेली असणे हा नुसता टापटिपीचा प्रश्न नव्हे. आत जाताना आपल्या नावाची पट्टी प्रवेशद्वारावरील नोंद ठेवणाऱ्याच्या हाती दिल्याखेरीज एक पाऊलही टाकू नये. ती पट्टी बाहेर नसेल तर तुम्ही आत आहात हे जगाला ठाऊकच नाही.

प्रशिक्षण केंद्रातून नुकत्याच आलेल्या माणसाच्या डोक्यात दहनशास्त्र ताजे असते, आणि ते बोलून दाखवण्याचा मोह होतो. तो आवरावा. तुम्ही शिकलेले असत्य आहे म्हणून नव्हे. ते सत्यच आहे, आणि योग्य वेळी उपयोगीही पडेल. परंतु जो शेकडो जिने चढला आहे त्याला ज्वलनाचा त्रिकोण समजावून सांगण्याने तुमची पत वाढत नाही. विचारण्याने मात्र वाढते. 'साहेब, हा खटका आधी का ओढायचा?' किंवा 'मघाशी तुम्ही दार उघडण्याआधी खाली का बसलात?' असा नेमका प्रश्न, काम संपल्यानंतर, एकांतात विचारला, तर बहुधा कोणताही जुना माणूस अर्धा तास बसून सांगतो, आणि त्या अर्ध्या तासात जे मिळते ते कोणत्याही पुस्तकात नसते. गाठींचेही तसेच. एखादी गाठ विस्मरणात गेली असेल तर ते मान्य करून दोरी हातात घ्यावी, आणि रिकाम्या वेळी खाटेच्या पायाला ती बांधून-सोडून इतकी मुरवावी की हातमोजे घातलेले असताना व अंधारातही ती चुकू नये. येत नसलेली गोष्ट येते असे सांगणाऱ्या माणसाची या पेशात कोणी दुसऱ्यांदा परीक्षा पाहत नाही.

वॉचरूममधील कामाला अनेक तरुण दुय्यम लेखतात, आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण प्रत्येक वर्दीची पहिली मिनिटे तेथेच जिंकली वा हरली जातात. फोन करणारा मनुष्य बहुधा ओरडत असतो. 'शिवाजीनगरला आग लागलीय, लवकर या!' एवढे म्हणून तो फोन ठेवायच्या बेतात असतो, आणि शिवाजीनगर नावाच्या वस्त्या तर मुंबईत एकाहून अधिक आहेत. अशा वेळी आपला स्वर वाढू न देता, 'आम्ही निघालोच आहोत, तुम्ही फोन ठेवू नका', असे त्याला प्रथम आश्वस्त करावे आणि मग एकेक गोष्ट काढून घ्यावी: कोणते शिवाजीनगर, जवळची ठळक खूण कोणती, काय पेटले आहे, कितव्या मजल्यावर, आत कोणी अडकले आहे का, गॅसच्या टाक्या आहेत का, गाडी गल्लीत शिरेल का, आणि तुमचा दूरध्वनी क्रमांक काय. जे ऐकले ते त्याला परत वाचून दाखवावे. नोंदवहीत वेळ लिहिताना अंदाज चालत नाही. घड्याळात जे असेल तेच लिहावे, कारण पुढे चौकशीत, विम्याच्या दाव्यात, कधी न्यायालयातही, तीच नोंद पुरावा म्हणून उभी राहते. सुवाच्य अक्षरात आणि खाडाखोडीवाचून वही लिहिणाऱ्या नवागताची वाखाणणी अधिकारी लगेच बोलून दाखवतील असे नाही, पण ते त्याला विसरत नाहीत.

आता प्रत्यक्ष घटनास्थळाकडे वळू. तेथे नव्या माणसाकडून अपेक्षा एकच असते की, त्याने आपल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीच्या व आवाजाच्या टप्प्यात राहावे, दिलेला हुकूम ऐकला हे उच्चारून सांगावे, तो पार पाडावा, आणि पार पडल्याचे पुन्हा येऊन कळवावे. स्वतःच्या बुद्धीने कोठे तरी धावून जाणे हे शौर्य नव्हे. ज्याचा ठावठिकाणा कोणाला ठाऊक नाही अशा एका माणसाला शोधायला मग दोन माणसे आत घालावी लागतात. बंद खोलीत धुराच्या दिशेने एकदम ब्रँच उघडण्याची घाई करू नये. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे 1700 पट होते, आणि ती वाफ बाहेर पडायला वाट नसेल तर ती पुढच्या साथीदारांवरच उलटते. गॅसगळतीच्या वर्दीवर चाळीत शिरताना विजेची बटणे चालूही करू नयेत व बंदही करू नयेत. टाकीतला घरगुती गॅस हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत व नाल्यांत साचतो, ही गोष्ट रहिवाशांना ठाऊक नसते व ते दिवा लावून तुम्हाला वाट दाखवू पाहतात. त्यांना शांतपणे, हात धरून, बाहेर काढावे.

भीती वाटली तर ती लपवू नये. 'साहेब, मला पुढे दिसत नाही', 'माझा काटा फार खाली आला आहे', 'माझा हात घसरतो आहे', ही वाक्ये वेळेवर उच्चारणारा नवागत आपल्या तुकडीला वाचवत असतो, आणि ती न उच्चारणारा तिला संकटात टाकत असतो. आपल्या खात्याचा इतिहास या बाबतीत फार गंभीर आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1400 टन स्फोटके एकत्र भरलेली होती, आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने झालेल्या दोन स्फोटांत, पाणी मारीत जागेवर उभे राहिलेले 66 अग्निशामक कामास आले. आजही देशभर 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ. पुढे 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या इमारतीच्या दुर्घटनेत प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई असे चार अधिकारी आपण गमावले. ज्ञान, अनुभव व अधिकार यांत ज्यांच्या तोडीची माणसे विरळा, त्यांनाही आगीने व कोसळणाऱ्या इमारतीने सोडले नाही, हे ज्याने मनात पक्के धरले आहे तो जुन्या लाकडी चौकटीच्या इमारतीत शिरताना वर पाहील, गिलाव्याची माती पडू लागली की सांगेल, दार चौकटीत घट्ट बसू लागले की सांगेल, आणि 'बाहेर या' असा इशारा झाला की हातातले काम अर्धे टाकून बाहेर येईल. या शेवटच्या बाबतीत अनेक उत्साही तरुण कमी पडतात. माघारीचा हुकूमही हुकूमच असतो.

ज्याचे घर जळाले त्याच्याशी कसे वागावे, हेही शिकण्याचे प्रकरण आहे. तुमच्या दृष्टीने ती एक किरकोळ आग असेल, दोन होजमध्ये विझलेली. परंतु बाहेर अंगणात उभ्या असलेल्या त्या बाईच्या डोळ्यांपुढे तिच्या मुलीच्या लग्नासाठी जमवलेले सारे जळत असते. पाणी लागेल तेवढेच मारावे. ट्रंका, फोटो, देव्हारा, शाळेची दप्तरे, कागदपत्रांची पिशवी, हे जिन्नस शक्य असल्यास आधी बाजूला सरकवावेत किंवा ताडपत्रीने झाकावेत. सोने अथवा रोकड सापडली तर ती स्वतःच्या खिशात क्षणभरही न ठेवता साक्षीदारांसमक्ष अधिकाऱ्याच्या हवाली करावी व तिचा पंचनामा होऊ द्यावा. कोणी प्रेमाने पाकीट पुढे केले तर हात जोडून नाकारावे. आणि मोबाइलवर छायाचित्रे काढून ती मित्रांना धाडण्याचा प्रकार अलीकडे जो वाढत आहे, त्याची मला मनापासून चीड येते: दुसऱ्याच्या आपत्तीचे दर्शन घडवण्याचा अधिकार आपल्याला गणवेशाने दिलेला नाही.

भगिनींना दोन शब्द. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात 2002 साली हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला तेव्हा त्या संस्थेत दुसरी मुलगी नव्हती. आज महाराष्ट्रातील केंद्रांत महिला अग्निशामक शिड्या चढताना दिसतात. तुमच्याकडे अधिक बारकाईने पाहिले जाईल, हे अन्याय्य असले तरी खरे आहे. त्याला उत्तर म्हणून दुप्पट ओझे उचलून दाखवण्याच्या भरीस पडू नका. शिडी चौघांनी उचलायची असेल तर ती चौघांनीच उचलायची असते, मग ते चौघे कोणीही असोत. आणि कोणाचे वर्तन मर्यादा सोडणारे वाटले तर ते पहिल्याच वेळी, लेखी, वरिष्ठांच्या नजरेस आणा.

बंबखान्यातील सहजीवनाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. स्वयंपाकात हात लावावा, आपले ताट आपण घासावे, झोपलेल्याला जागे करू नये, एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगू नये, थट्टा झाली तर हसून घ्यावी. व्यसन करून कामावर येणाऱ्याला या खात्यात जागा नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. काही वर्दींवरून परत आल्यावर झोप येत नाही; विशेषतः लहान मूल वाचवता आले नाही तर. तसे झाले म्हणजे आपण या कामाला लायक नाही असा समज करून घेऊ नका, आणि ते दारूत बुडवण्याचा प्रयत्नही करू नका. ज्या जुन्या सहकाऱ्यावर तुमचा विश्वास असेल त्याच्याशी बोला; त्यानेही तशा रात्री काढलेल्या असतात. बोलण्यानेही भागले नाही तर वैद्याकडे जाण्यात संकोच धरू नका. आणि जुन्या मंडळींनाही विनंती आहे की, तो मुलगा कोपऱ्यात गप्प बसलेला दिसला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण कामाची माहिती जशी तुम्हीच त्याला द्यायची, तसा हा आधारही तुम्हीच द्यायचा असतो.

शेवटी, कोणत्याही पुस्तकात न सापडणारे आणि कोणी हुकूम देऊन करवून घेत नाही असे एक काम तुमच्यासाठी राहते, आणि ते तुम्ही केलेत तर महिन्याभरात केंद्रातील साऱ्यांना कळून येईल. तुमच्या केंद्राच्या हद्दीतील कोणत्या गल्लीत बंब शिरतो व कोणत्या गल्लीत वळणावर अडतो. हायड्रंट कोठे आहे व त्याचे झाकण मातीखाली गेले आहे का. कोणत्या इमारतीला दोन जिने आहेत व त्यांतला एक भंगाराने अडवलेला आहे. भूमिगत टाकीचे तोंड आवारात कोणत्या बाजूस आहे. कोणते फाटक रात्री कुलूपबंद असते व किल्ली कोणत्या पहारेकऱ्याजवळ राहते. कोणत्या गोदामात रसायने आहेत व कोणत्या पोटमाळ्यावर माणसे झोपतात. हे सारे ठाऊक असलेला नवा माणूस गाडीवर असला की केंद्र अधिकारी स्वतः मागे वळून त्याला विचारू लागतो. यासाठी परवानगी लागत नाही, खर्चही नाही. एक खिशातली वही व पेन्सिल घ्या, आणि तुमच्या पहिल्याच साप्ताहिक सुटीच्या दिवशी केंद्राच्या दारापासून पायी निघा.